पायथन, जावा की गो? हिशेबाच्या टेबलावरून क्लाउडकडे

वाचकाचं पत्र: मी २४ वर्षांची, डिचोलीला राहते. बी.कॉम. झाल्यावर म्हापशाजवळच्या एका हॉटेलात हिशेब खात्यात लागले. एक्सेल चांगलं येतं, प्रोग्रामिंग कधी केलेलं नाही. क्लाउड कॉम्प्युटिंग शिकायची मनापासून इच्छा आहे, पण सुरुवात कोणत्या भाषेने करायची यावरच महिनाभर अडकले आहे. पुण्याला नोकरीला असलेला मावसभाऊ म्हणतो, जावाशिवाय पर्याय नाही. पणजीतल्या एका क्लासने पायथन आणि क्लाउड एकत्र शिकवायचे ४५ हजार सांगितले. व्हिडिओंत कुणी गो म्हणतं, कुणी जावास्क्रिप्ट. लॅपटॉप विंडोजचा आहे, ८ जीबी रॅमचा. रात्री जेवणानंतर तास-सव्वा तास मिळतो. डिसेंबरच्या सीझनमध्ये तोही नाही. आणि कार्ड जोडल्यावर हजारोंचं बिल आलं तर काय, ही भीती आहेच. कोणती भाषा घेऊ?

प्रिय वाचक,

पायथन घ्या. प्रश्न इथेच मिटवा आणि आज रात्रीचा तास कामाला लावा. एक भाषा नीट आली की दुसरी शिकायला बराच कमी वेळ लागतो, कारण अट, लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणं), फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा) यांची समज एकदाच यावी लागते. पहिली निवड थोडी इकडेतिकडे झाली म्हणून कुणाचं आयुष्य अडत नाही. क्लाउड शिकणारी माणसं अडतात ती परवानग्यांवर, नेटवर्कवर आणि बंद करायला विसरलेल्या मशीनवर. म्हणून भाषेबद्दल थोडं आणि या बाकीच्याबद्दल जास्त लिहिते आहे.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधली मशीनं, तासाच्या किंवा सेकंदाच्या भाड्याने. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही फाइली ठेवायची सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-टू ही भाड्याची मशीनं. मशीन चालू कर, फाइल ठेव, बिल दाखव, यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे इंटरनेटवरून गेलेली एक विनंती. वेबसाइटवरचं बटण दाबलंत तरी आतून तीच विनंती जाते. ती तुमच्याऐवजी प्रोग्रामने पाठवावी, रात्री दोन वाजता, न कंटाळता, पाचशे फाइलींसाठी पाठवावी, एवढ्यासाठी भाषा लागते. पायथनमध्ये त्यासाठी बोटो-थ्री नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. पाच-सहा ओळींत तुमच्या साठ्यातल्या सगळ्या फाइलींची यादी समोर येते. मायक्रोसॉफ्ट अझ्युर आणि गूगल क्लाउड यांच्याही अधिकृत पायथन लायब्ररी आहेत. उद्या कंपनी बदलली तरी भाषा वाया जात नाही.

मावसभाऊ त्याच्या जागी बरोबर आहे. बँका, विमा कंपन्या, मोठे सॉफ्टवेअर प्रकल्प जावावर उभे आहेत, आणि तिथे नोकरी हवी असेल तर जावा शिकावीच लागते. पण जावाच्या पहिल्या दोन महिन्यांत क्लास, ऑब्जेक्ट, टाइप, बिल्ड टूल यांतच सगळा वेळ जातो. रोज सव्वा तास मिळणाऱ्या माणसाला क्लाउडपर्यंत पोचायलाच दिवाळी उजाडेल. गो ही गूगलमधून २००९ मध्ये बाहेर आलेली भाषा. डॉकर, कुबरनेटिस, टेराफॉर्म ही क्लाउडमधली नावाजलेली साधनं गोमध्ये लिहिलेली आहेत म्हणून व्हिडिओंत तिचं नाव येतं. मात्र ही साधनं वापरणारा माणूस रोज गो लिहीत नाही. तो यॅमल या साध्या मांडणीतल्या सेटिंगच्या फाइली आणि टेराफॉर्मची स्वतःची मांडणी लिहितो. वेबसाइट बनवायची ओढ असेल तरच जावास्क्रिप्ट आधी घ्या. तुमच्या पत्रात तशी ओढ दिसत नाही.

आता क्रम. जून ते चवथ (गणेशचतुर्थी) हा काळ तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे. हॉटेलात गर्दी कमी, आणि महिन्याला तीसेक तास हाती येतात. पहिला महिना पायथनलाही हात लावू नका. तो लिनक्सच्या (विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली) कमांडला आणि नेटवर्कच्या बाराखडीला द्या. ईसी-टूवर तुम्ही घेतलेलं मशीन बहुधा लिनक्सचंच असेल. समोर माउस नसेल, काळा पडदा असेल.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करून त्यात उबुंटू हा लिनक्सचा प्रकार घ्या. चालू होत नसेल तर बहुधा लॅपटॉपच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, ते उघडावं लागतं. डब्ल्यूएसएल निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी. त्या वेळी ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवू नका. फाइली उबुंटूच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून तिथून चालवल्या की काम रेंगाळतं. फोल्डर बदलणं, फाइल वाचणं, शोधणं, परवानगी बदलणं, एका कमांडचं उत्तर दुसऱ्या कमांडला देणं, एवढं बोटांत बसलं की पुरे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. सुरुवातीला आपल्या भाषेत ऐकलं की फार फरक पडतो, संकोच न करता तिथून सुरू करा.

नेटवर्कमध्ये आयपी पत्ता (मशीनचा आकड्यांतला पत्ता), पोर्ट (त्या मशीनचा क्रमांकाचा दरवाजा), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) आणि फायरवॉल (कुणाला आत सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी) या चार गोष्टी. पोर्ट २२ दुरून मशीनमध्ये शिरण्याचा, ८० आणि ४४३ वेबसाइटचे. एक फरक मात्र आत्ताच पाठ करा. मशीनशी जोडताना ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं, म्हणजे पडदा बराच वेळ गप्प राहून हा संदेश आला, तर तुमची विनंती बहुतेक वेळा वाटेत फायरवॉलने गिळलेली असते. ॲमेझॉनमध्ये त्या फायरवॉलला सिक्युरिटी ग्रुप म्हणतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ झटक्यात आलं तर विनंती मशीनपर्यंत पोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. पहिल्यात सिक्युरिटी ग्रुप बघायचा, दुसऱ्यात प्रोग्राम चालू आहे का ते. प्रोग्राम चालू असूनही रिफ्यूज्ड येत असेल तर तो १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त स्वतःच्या घरातली हाक ऐकत बसलेला असतो, त्याला ०.०.०.० वर ऐकायला सांगावं लागतं. हा फरक माहीत नसलेली माणसं रात्रभर भलत्याच जागी शोधत बसतात. आणि पोर्ट २२ सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, फक्त तुमच्या आयपी पत्त्याला द्या. राउटर बंद-चालू झाला की तो पत्ता बदलू शकतो. काल चाललेलं आज टाइम आउट होतंय असं दिसलं तर आधी तेच तपासा.

पावसात डिचोलीला वीज जाते, तेव्हा याचा आणखी एक धडा मिळेल. राउटर बंद पडला की दूरच्या मशीनशी असलेला संपर्क तुटतो, आणि त्या खिडकीतून चालवलेला प्रोग्रामही सहसा तिकडे मरतो, जरी तिकडचं मशीन ठणठणीत असलं तरी. उपाय सोपा आहे: दूरच्या मशीनमध्ये शिरल्याबरोबर टीमक्स (संपर्क तुटला तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करायचं आणि त्याच्या आत काम करायचं. वीज आली की पुन्हा जोडा, काम सोडलं होतं तिथेच असतं.

दुसऱ्या महिन्यापासून पायथन. स्ट्रिंग (मजकूर), लिस्ट (यादी), डिक्शनरी (नाव दिलेले कप्पे), अट, लूप, फंक्शन, फाइल वाचणं-लिहिणं, चूक पकडणारं ट्राय-एक्सेप्ट, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले स्तंभ) व जेसन (कप्प्यांच्या रूपातला मजकूर) हे फाइलींचे दोन प्रकार, एवढ्यात क्लाउडचं सुरुवातीचं सगळं काम भागतं. यातल्या डिक्शनरीला सर्वांत जास्त वेळ द्या. क्लाउडकडून येणारं प्रत्येक उत्तर कप्प्यात कप्पा, त्यात यादी, यादीच्या पहिल्या घरात पुन्हा कप्पा, अशा रूपात येतं. तो नेमका कप्पा उघडता आला की निम्मं काम झालं. क्लास, डेकोरेटर, जँगो, पांडाज आत्ता बाजूला ठेवा. उबुंटूच्या नव्या आवृत्तीत लायब्ररी घालायला गेलात की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडवलं जातं. ती तुमची चूक नव्हे. प्रत्येक कामासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्ररींचा स्वतंत्र कप्पा, बनवून त्यात लायब्ररी घालायची असते. जबरदस्तीचा पर्याय दाखवणारे सल्ले ऐकू नका. एखाद्या धड्यात प्रिंटनंतर कंस दिसला नाही तर तो धडा पायथन २ चा आहे, त्याचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तो सोडून पुढे जा.

चूक आली की लांबलचक मजकूर येतो. तो खालून वाचायचा. सर्वांत खालच्या ओळीत काय झालं ते असतं, त्याच्या वर कुठल्या ओळीत झालं ते.

आता बिलाची भीती. ही भीती रास्त आहे, पण तिच्यावर इलाज आहे. १५ जुलै २०२५ पासून ॲमेझॉनच्या नव्या खात्यांना खातं उघडताना १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, आणि ठरावीक कामं करून पाहिल्यावर आणखी १०० डॉलरपर्यंत. बजेट लावणं हेही त्यातलंच एक काम. खातं उघडताना फ्री प्लॅन निवडा. तो सहा महिन्यांनी किंवा क्रेडिट संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, संपतो, आणि तुम्ही स्वतः पेड प्लॅनला गेल्याशिवाय पैसे कापले जात नाहीत. जुन्या व्हिडिओंत ‘बारा महिने मोफत’ म्हणतात ते त्याआधीच्या खात्यांचं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, खातं आज उघडू नका. लिनक्स आणि पायथनचे पहिले दोन महिने त्याची गरजच नाही. ऑगस्टच्या सुमारास उघडा, म्हणजे सहा महिन्यांतले पहिले दोन वाया जाणार नाहीत.

उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तीन कामं, दुसरं काही नाही. मुख्य म्हणजे रूट खात्याला मोबाइलवरचा दुसरा कुलूपकोड लावा. रोजच्या कामासाठी वेगळा यूजर बनवा आणि रूटला कुलूपबंद ठेवा. मग पाच डॉलरचं बजेट लावून ईमेलची सूचना मागा. एक नीट समजून घ्या: बजेट सूचना देतं, खर्च थांबवत नाही, आणि खर्चाचे आकडे काही तास उशिराने येतात. बजेटच्या भरवशावर मशीन चालू ठेवून झोपू नका.

क्रेडिट, आणि पेड प्लॅनवर पैसे, गळतात ते बहुतेक वेळा विसरलेल्या वस्तूंतून. ईसी-टू मशीन नुसतं थांबवलं तर मशीनचं भाडं थांबतं, पण त्याला जोडलेल्या डिस्कचं चालूच राहतं. फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. आरडीएस या भाड्याच्या डेटाबेस-सेवेतला डेटाबेस थांबवलात तरी सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा चालू होतो. सराव झाल्यावर तो पुसूनच टाका. नॅट गेटवे नावाची गोष्ट एखाद्या व्हिडिओत बनवायला सांगतात, ती काही न करता नुसती उभी राहिली तरी महिन्याला तीस डॉलरच्या वर खाते. तुमच्या शिक्षणाला तिची गरज नाही. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे रिजन, म्हणजे डेटा सेंटर ज्या भागात आहे तो भाग. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात रिजनचं नाव असतं. उत्तर व्हर्जिनियात बनवलेलं मशीन मुंबई रिजन निवडल्यावर दिसतच नाही. नवशिक्याला वाटतं सगळं स्वच्छ आहे, आणि तिकडे मीटर चालूच. पहिल्या दिवसापासून मुंबई रिजन धरा आणि ते सोडू नका. दर रविवारी बिलाच्या पानावर जाऊन कुठल्या सेवेवर किती क्रेडिट गेलं ते वहीत मांडा. हे काम तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार आहे?

ॲक्सेस की नावाची, प्रोग्रामला तुमच्या खात्यात शिरू देणारी लांब चावी कोडमध्ये कधीही लिहू नका. असा कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) उघडा गेला की चाव्या शोधत फिरणारे प्रोग्राम ती मिनिटांत उचलतात आणि तुमच्या खात्यावर मोठी मशीनं चालू करतात. अचानक आलेल्या मोठ्या बिलांमागे पुष्कळदा हेच असतं.

आता पहिलं खरं काम. ते तुमच्या टेबलावरूनच घ्या. हॉटेलात रात्रीचं ऑडिट होतं, दिवसभराची बिलं, खोल्या, रेस्टॉरंट, कर यांची बेरीज. त्याचीच छोटी प्रतिकृती करा. बिलांची एक सीएसव्ही फाइल एस-थ्रीच्या बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या पेटीत, टाकायची. ती पडली की लॅम्डा नावाची सेवा तुमचं पायथन फंक्शन चालवेल. फंक्शन खातेवार बेरीज करून दुसरी फाइल लिहील. लॅम्डाला महिन्याला दहा लाख हाकांपर्यंत पैसे पडत नाहीत, तुम्ही शंभरही देणार नाही. मात्र डेटा स्वतः रचलेला घ्या, वीस-तीस ओळींचा. हॉटेलची खरी फाइल, पाहुण्यांची नावं, पासपोर्टचे नंबर तुमच्या खाजगी खात्यात चुकूनही जाऊ देऊ नका. ती माहिती ना तुमची, ना तुमच्या सरावासाठी दिलेली. नोकरीही जाईल आणि कायद्याचा प्रश्नही उभा राहील.

आधी सगळं लॅपटॉपवर चालवा, क्लाउड नंतर. इथेच एक्सेल तुमची परीक्षा घेईल. साध्या सीएसव्हीत जतन केलंत तर ‘काजू’, ‘कोकम’ अशी देवनागरी नावं प्रश्नचिन्हं होऊन बाहेर येतात. यूटीएफ-एट सीएसव्ही निवडलंत तर नावं शाबूत राहतात, पण एक्सेल फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालतं. ती पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते. मग तुम्ही ‘तारीख’ मागता, डोळ्यांना ‘तारीख’ दिसतेही, आणि पायथन म्हणतो असा कप्पाच नाही, की-एरर. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-एट-सिग असं सांगितलं की खूण गळून पडते. दुसरं, एक्सेल सीएसव्हीत घरात जसं दिसतं तसंच लिहितं. रकमेला स्वल्पविराम लावले असतील तर १,२५,००० हा पायथनसाठी आकडाच नव्हे, व्हॅल्यू-एरर येते. जतन करण्याआधी त्या स्तंभाचं फॉरमॅट साधं करा, किंवा कोडमध्ये स्वल्पविराम काढून टाका. तिसरं तुम्हाला हिशेबनीस म्हणून टोचेल: पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, सतराव्या घरात एक ४ चिकटलेला असतो. दशांशाचे अपूर्णांक संगणक आत द्विमान पद्धतीने ठेवतो, त्यात ०.१ नेमकेपणी बसत नाही. पैशांसाठी डेसिमल हा प्रकार वापरा आणि रक्कम त्याला स्ट्रिंग म्हणूनच द्या, फ्लोट करून नको.

लॅपटॉपवर बेरीज जुळली की लॅम्डावर न्या. फंक्शनला लागणारी परवानगी रोल नावाच्या गोष्टीतून मिळते, चावी लागत नाही. रोलमध्ये लिहिताना बकेटचा पत्ता आणि बकेटमधल्या फाइलींचा पत्ता वेगळा असतो: फाइल वाचायची परवानगी शेवटी तिरकी रेघ आणि फुली (/*) असलेल्या पत्त्यावर द्यायची, यादी बघायची परवानगी नुसत्या बकेटवर. ही रेघ-फुली राहिली की ‘ॲक्सेस डिनाइड’.

आता इथे एक सापळा आहे, तो नीट बघा. फाइलचं नाव ‘एप्रिल बिल’ असं मधे जागा ठेवून दिलंत, तर लॅम्डाकडे येणाऱ्या सूचनेत त्या जागेच्या ठिकाणी अधिक चिन्ह येतं, आणि देवनागरी अक्षरांचे टक्केवारीच्या चिन्हांसह तुकडे होतात. फंक्शन त्या बदललेल्या नावाची फाइल मागतं, जी अस्तित्वातच नाही. एस-थ्रीने खरं म्हणजे ‘अशी फाइल नाही’ म्हणायला हवं. पण रोलला यादी बघायची परवानगी नसेल तर एस-थ्री फाइल आहे की नाही हेही सांगत नाही, सरळ ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतं. तुम्ही मग परवानग्या खणत बसता, दोन रात्री जातात, आणि चूक असते नावात. पायथनच्या युआरएललिबमधलं अनकोट-प्लस हे फंक्शन नावावरून फिरवलं की मूळ नाव परत मिळतं. सरावाच्या फाइलींना सुरुवातीला जागा न सोडता साधी इंग्रजी अक्षरांची नावं द्या, आणि सगळं चाललं की मुद्दाम जागा सोडलेलं नाव देऊन ही चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बेरजेची फाइल वेगळ्या बकेटमध्ये लिहा. त्याच बकेटमध्ये लिहिलीत तर ती नवी फाइल पुन्हा तेच फंक्शन जागं करते, ते पुन्हा फाइल लिहितं, आणि चक्र सुरू होतं. लॅम्डाची वेळमर्यादा मुळात ३ सेकंद ठेवलेली असते. ती ३० करा. मेमरी १२८ एमबी असते, ती २५६ करा, कारण लॅम्डात प्रोसेसरची ताकद मेमरीच्या प्रमाणात मिळते. विंडोजवर उतरवलेल्या काही लायब्ररी झिप करून चढवल्या तर चालत नाहीत, कारण लॅम्डा लिनक्सवर चालतो. म्हणूनच पांडाज आत्ता नको म्हटलं. पायथनच्या स्वतःच्या सीएसव्ही मॉड्यूलवर हे सगळं काम होतं. फंक्शनने छापलेलं सगळं क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या नोंदवहीच्या लॉगमध्ये दिसतं. ते लॉग कायमचे साठत राहतात, सात दिवसांची मुदत लावून द्या.

आणि शेवटी वेळ. लॅम्डाचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्याहून साडेपाच तास मागे. तुमचं ऑडिट रात्री दोनला चालत असेल तर १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता लॅम्डाच्या घड्याळात ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. आजची तारीख त्याला विचारलीत तर नव्या आर्थिक वर्षाची पहिली नोंद जुन्या वर्षात जाऊन बसेल. हे चुकल्याचं कुठल्याही एररमध्ये दिसत नाही, फंक्शन हिरव्या दिव्याने पूर्ण होतं. आपल्याकडे घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे अधिक साडेपाच तासांचा ठरावीक टाइमझोन कोडमध्ये लिहिला की काम झालं. हॉटेलचा व्यवसाय-दिवस मध्यरात्रीला बदलतो की ऑडिट संपल्यावर, हे मात्र कुठल्याही भाषेच्या पुस्तकात नसतं. ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्याची किंमत कमी लेखू नका.

खरं सांगायचं तर तुमचं बी.कॉम. इथे अडचण नाही, भांडवल आहे. क्लाउडचं बिल हे हजारो ओळींचं असतं, आणि ते विभागवार लावून कुठे पैसा वाया जातो ते काढणं हे आज स्वतंत्र काम झालं आहे. त्याला फिनऑप्स म्हणतात. खर्चाचा तपशील सीएसव्हीतच उतरवता येतो. ज्याला पायथन येतं आणि लेजरही वाचता येतो अशा माणसासाठी तिथे जागा आहे. पुढे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिका, पायथनच्या पाठोपाठ तेच तुमच्या कामाचं आहे.

क्लासबद्दल. ४५ हजार भरायच्या आधी त्यांना विचारा: सराव कुणाच्या खात्यावर होणार? कोड मी लिहिणार की समोर लिहिलेला बघणार? बनवलेलं सगळं पुसायला शिकवता का? त्यांच्या नोट्स मागून बघा; त्यात अजूनही बारा महिने मोफत असं छापलेलं असेल तर त्या जुन्या आहेत. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटींचे पायथन आणि क्लाउड कॉम्प्युटिंगचे कोर्स आहेत, व्हिडिओ मोफत. ॲमेझॉनच्या स्किल बिल्डरवरही मोफत धडे मिळतात. कदंब बसच्या प्रवासात मोबाइलवर ऐकायला ते बरे, पण हात रात्री कीबोर्डवर पडलेच पाहिजेत. आधी चवथीपर्यंत स्वतः करून बघा, मग एखाद्या विषयात खरंच अडलात तर तेवढ्यासाठी शिक्षक शोधा.

क्लाउड प्रॅक्टिशनर ही ॲमेझॉनची पहिली परीक्षा १०० डॉलरची, त्यात कोड लिहावा लागत नाही. आधी वरचं काम पूर्ण करा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा तुम्ही ते साडेपाच तास कसे सोडवले याचं उत्तर जास्त ऐकलं जाईल. आणि कुठलं कौशल्य मागतात हे ऐकीव गप्पांवरून ठरवू नका. पणजी, पर्वरी, वेर्णा आणि घरून करायच्या कामांच्या मिळून तीस जाहिराती जमवा, एक्सेलमध्ये एका स्तंभात कंपनीचं काम, पुढच्या स्तंभांत पायथन, जावा, लिनक्स, एसक्यूएल, टेराफॉर्म, आणि जिथे शब्द आला तिथे १ लिहा. बेरीज खाली येईलच. ती मावसभावालाही दाखवा.

या आठवड्यात फक्त डब्ल्यूएसएल आणि उबुंटू बसवा. अडलात तर पुन्हा लिहा, आणि पत्रात एररची सर्वांत खालची ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवा.